शहराचा रकाना कोरा का?

काल एका कोऱ्या रकान्यात माझी अख्खी दुपार गेली. डब्ल्यूपीएफ (विंडोज प्रोग्रॅमचे स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरून केलेला ग्राहकाचा फॉर्म, बाइंडिंगचा, म्हणजे रकान्याला डेटाशी बांधणाऱ्या जोडणीचा, पाथ 'कस्टमर.ॲड्रेस.सिटी': ग्राहक, त्याचा पत्ता, त्यातलं शहर. नाव, फोन दिसत होते, शहर गायब. प्रोग्रॅमच्या तक्रारी दिसतात त्या आउटपुट विंडोत एररही नाही. पाथमधल्या एखाद्या प्रॉपर्टीचं, म्हणजे कडीचं, नाव चुकलं असतं तर 'एरर ४०' (अशी प्रॉपर्टी सापडत नाही) तरी आली असती!

शेवटी त्या बाइंडिंगची ट्रेसलेव्हल (आत काय चाललंय ते किती तपशिलात लिहायचं, याची सेटिंग) 'हाय' केली, तेव्हा उलगडलं. फॉर्म उघडताना ॲड्रेस नल, म्हणजे रिकामा, होता, आणि मधली कडी नल असली की डब्ल्यूपीएफ गप्प बसतं. पत्ता डेटाबेसमधून मागाहून येत होता. सिटीच्या सेटरमध्ये (किंमत बदलणारा कोड) मी प्रॉपर्टीचेंज्ड, म्हणजे 'किंमत बदलली' ही सूचना, उठवलं होतं, कस्टमरमधल्या ॲड्रेसच्या सेटरमध्ये मात्र विसरले होते. पाथमधल्या प्रत्येक कडीने आपला बदल स्वतः कळवावा लागतो. ती एक ओळ घातली आणि रकान्यात 'सांगली' उमटलं. केवढं हायसं वाटलं! आता अशा बाइंडिंगला मी फॉलबॅकव्हॅल्यूही (किंमत मिळत नाही तोवर दाखवायचा मजकूर) देते: 'पत्ता येतोय'.