वरची बारा पावलं

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत मजल्यावर सात खोल्या होत्या. आमची जिन्याला लागून पहिली. तिथून शेवटच्या खोलीबाहेरच्या पाण्याच्या पिंपापर्यंत बाबांची अठ्ठावीस पावलं भरत. दोनदा जाऊन-येऊन एकशे बारा. शतपावलीला शंभर पुरतात की, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "वाणी तूरडाळ तोलून झाल्यावर मूठभर वर टाकतो ना, तशी ही बारा."

टीव्हीवरच्या मराठी बातम्या संपल्या की पानं घेतली जायची. जेवून, हात धुऊन बाबा स्लिपरा चढवायचे. डाव्या स्लिपरचा पट्टा सेफ्टी पिनेवर तगलेला, म्हणून एका पायाचा आवाज फट्, दुसऱ्याचा फट्-टिक्. हात पाठीमागे बांधलेले. पावसाळ्यात गॅलरीत झड यायची, तेव्हा हीच वारी खोलीत, पलंग ते मोरी. सहा पावलांत वळायचं, मध्ये कुणी अभ्यासाला बसलं असेल तर त्याला ओलांडून.

आरोग्य हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. फार तर "जरा चाललं की जेवण बसतं" एवढंच. मलाही चला म्हणून ते कधी म्हणाले नाहीत. मी जायचे ती निव्वळ स्वार्थापोटी. दिवसभर लोकल आणि ऑफिस, घरी आल्यावर पेपर. बाबा बोलायला सापडायचे ते या चार फेऱ्यांत. सहलीचे पैसे, गणितातले मार्क, प्रगतिपुस्तकावरची सही, सगळ्या अर्जांची सुनावणी गॅलरीत. पहिल्या फेरीत ते मोजत असायचे, चौथीत जांभया सुरू व्हायच्या. म्हणून विषय तिसरीत काढायचा, हे धाकट्या भावालाही मीच शिकवलं. सायन्सला जाणार नाही असं सांगितलं त्या रात्री मात्र एकशे बारा कधीच मागे पडली. शेवटी पिंपाशेजारच्या काकूंनी दार किलकिलं करून विचारलं, "भावोजी, पोटात दुखतंय का?"

आई या सगळ्यात कुठे होती? मोरीत, भांड्यांशी. तिचं जेवण सगळ्यांच्या मागून, आणि जेवल्यावर पुन्हा उकिडवं बसणं. ही गोष्ट मला फार उशिरा खुपली. पुढे साखर निघाली तीही आईलाच. तिच्या आईलाही होती, तेव्हा सगळं खापर भांड्यांवर फोडता येत नाही; पण थोडं फोडावंसं वाटतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालत जा. जेवल्यावर रक्तात साखर चढते, त्याच वेळी चाललं तर पायांचे स्नायू ती तिथल्या तिथे वापरतात. इन्शुलिन कमी पडत असलं तरी चालणारा स्नायू साखर ओढून घेतो. बाबा हे शांतपणे ऐकत होते. त्या रात्रीपासून भांडी त्यांनी घेतली. घासायचे वाईट, कढईला काठाशी तेल राहायचंच. पण आई गॅलरीत गेली.

माझ्या मनगटावर आता घड्याळ आहे, ते रोज दहा हजार पावलांचा तगादा लावतं. हा आकडा कुठून आला म्हणून शोधलं, तर उगम दवाखान्यात नव्हे, बाजारात. टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. नाव लक्षात राहिलं आणि जगाला कोटा मिळाला. आमचा शंभराचा आकडाही कुणी तपासून ठरवला असेल असं नाही म्हणा. पण घड्याळाचा आकडा गाठला नाही तर मला काही वाटत नाही. जेवून तशीच बसले तर मात्र कुणाची तरी परवानगी घ्यायची राहिल्यासारखं होतं.

म्हणून रात्री मी सोसायटीच्या आवारात उतरते आणि आईला फोन लावते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ती अजून त्याच गॅलरीत चालते, फोन कानाला. तिची पावलं लहान. पिंपापर्यंत चौतीस भरतात. "म्हणजे चार फेऱ्यांचे एकशे छत्तीस. तुझ्या बाबांपेक्षा चोवीस जास्त," हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

काल मी तिला ऑफिसातली एक लांबलचक कटकट सांगत होते. ती हं, हं करत होती. मी म्हटलं, "आता तूच सांग आई, मी यावर काय..."

"झाले गं माझे," म्हणाली आणि फोन ठेवला.