मीटरवर बारा व्होल्ट, तरी डिकी बंद

अक्कलकोटच्या एका लग्नघरी आहेराचे ६० टॉवेल पोचवायचे होते. अशोक चौकाजवळच्या कारखान्यातून दोन गठ्ठे उचलले, कारच्या डिकीत टाकले, घरी आले आणि बटण दाबलं तर डिकी उघडेना. मे महिना, दुपारचे दोन, पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

तशी कुरबुर महिनाभर चालूच होती. कधी पहिल्या दाबाला उघडायची, कधी झाकणावर एक थाप मारली की उघडायची. माझा टॉवेल-चादरींचा घरगुती धंदा, दिवसातून दहा वेळा डिकी उघडावी लागते. तरीही मी थापेवर निभावून नेलं, ही माझी चूक.

त्या दिवशी मागच्या सीटची पाठ पाडून गठ्ठे सोडले आणि एकेक टॉवेल आतून ओढून काढला. मग मुलगा टॉर्च घेऊन आत शिरला. झाकणाच्या आतल्या बाजूला लॉकपाशी एक छोटी खाच असते, त्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून सरकवल्यावर लॉक सुटलं. आपल्या गाडीत ही खाच कुठे आहे ते पुस्तिकेत बघून ठेवा. ऐन वेळी अंधारात चाचपडणं फार जिवावर येतं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. पाच मिनिटांत निदान झालं: लॉकची मोटर गेली, अख्खं लॉक बदला, साडेसहा हजार. नाहीच चाललं तर बीसीएम, म्हणजे गाडीच्या दारं-दिव्यांचा कारभार बघणारा कंट्रोल बॉक्स, तोही बघावा लागेल. एकही वायर न तपासता एवढं सांगितलं, ते मला पटलं नाही.

जुन्या पुणे नाक्याकडे गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी मलाच विचारलं, "बटण दाबल्यावर डॅशबोर्डमागं टिक् आवाज येतंय का?" येत होता. म्हणजे बटण ठीक, बीसीएमचा हुकूम निघतोय, रिले, म्हणजे मोटरकडे करंट जोडून देणारा स्विच, ओढतोय. फ्यूजही शाबूत होता. त्यांनी झाकणाचं आतलं कव्हर काढलं, लॉकचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला आणि त्याच्या दोन पिनांना व्होल्ट मोजायचा मीटर लावला. मी बटण दाबलं. १२.४ व्होल्ट.

मला वाटलं, झालं, करंट येतोय म्हणजे मोटरच गेली. चाचांनी मोटरला बॅटरीवरून दोन वायरी थेट लावल्या. खटॅक! मोटर एकदम ठणठणीत. व्होल्टेज आहे, मोटर चांगली आहे, तरी जोडल्यावर काम करत नाही. मी चक्रावले.

चाचांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि मोटरच्या जागी कपलरला लावला. "आता दाबा." बल्बची तार नुसती लालसर झाली.

"ताई, मीटरला काय लागतंय? काहीच नाही. वायरीचा एक केस जरी शिल्लक असला तरी तो बारा दाखवणार. मोटरला करंट लागतो, तो एका केसातनं कसा जाईल?"

हे मला नीट कळावं म्हणून त्यांनी बल्ब पेटता ठेवूनच मीटर लावला. बाराचे तीनही उरले नाहीत. मग बल्बचं एक टोक कपलरच्या प्लस पिनेला ठेवलं आणि दुसरं टोक क्लिपने गाडीच्या उघड्या लोखंडाला लावलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे प्लस बाजू साफ, अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी मायनसची वायर कुठेतरी तुटायला आली होती.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नंबर प्लेटचा दिवा नीट लागतो का ओ?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिन्यांपूर्वी तो मंद झाला म्हणून मी बल्ब बदलला होता, तरी फरक पडला नव्हता. रात्री डिकीचं बटण दाबलं की तो पार विझायचा, हेही पाहिलं होतं. माझ्या गाडीत दिवा आणि डिकीची मोटर यांची अर्थ एकाच काळ्या वायरीतून जाते. दोन्ही खुणा एकाच दुखण्याच्या होत्या, मी त्या जोडल्याच नाहीत.

बिजागरीपाशी बॉडीतून झाकणात जाणारी रबरी नळी असते. डिकी उघडते-मिटते तेव्हा आतल्या सगळ्या वायरी तिथेच दुमडतात. चाचांनी नळी मागे सरकवली. तीन वायरींचं आवरण तडकलं होतं आणि काळ्या वायरीत हिरवट पडलेल्या तांब्याचा खरोखर एकच केस उरला होता. मी बोट लावलं तर तोही तुटला.

बॅटरीची मायनस काढून त्यांनी तिन्ही वायरींना मऊ वायरीचे नवे तुकडे जोडले. इथे त्यांनी घाई केली नाही. सोल्डरमुळे वायर कडक होते आणि दुमडीत सांधा आला तर शेजारीच पुन्हा तुटते, म्हणून सगळे सांधे नळीच्या बाहेर, दुमडीपासून लांब, आणि एकमेकांसमोर येणार नाहीत असे मागेपुढे घेतले. वरून स्लीव्ह तापवून बसवली, वायर जराशी सैल ठेवली. दोन तास आणि ४५० रुपये.

घरी कुणी हा बल्बचा प्रयोग करणार असेल तर तो फक्त मोटरच्या आणि दिव्याच्या वायरींवर करा. बटणाकडून बीसीएमला जाणारी वायर अगदी कमी करंटची असते, तिथे २१ वॅटचा बल्ब लावला तर बीसीएमच जायचा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातही लावू नका.

टॉवेल दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटला पोचले. त्या रात्री परत आल्यावर दिवे चालू ठेवले, मुलाला गाडीच्या मागे उभं केलं आणि बटण दाबलं.

"आई, उघडली. दिवा तसाच आहे."