आमची वाटचाल: हिरव्या ज्योतीपासून वजनकाट्यापर्यंत

आमच्या फ्रीज-एसी दुरुस्तीच्या दुकानात शिरलात की डाव्या भिंतीवर खिळ्याला एक पितळी टॉर्च टांगलेला दिसेल. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, हा कसला स्टो? तो हॅलाइड टॉर्च. निळी ज्योत पेटवायची आणि रबरी नळीचं टोक फ्रीजच्या जॉइंटवरून सावकाश फिरवायचं. गॅस गळत असला तर नळी तो ओढून घेते, आत तांब्याची चकती तापलेली असते, आणि ज्योत हिरवी होते. गळती बारीक असली तर पोपटी, मोठी असली तर मोरपिशी. बेळगावातल्या शहापूरच्या गाळ्यात दिवा मालवून मी आणि माझा भागीदार ती ज्योत बघत बसायचो. 1994 च्या पाडव्याला शटर वर केलं तेव्हा भांडवल म्हणजे हा टॉर्च, दाब मोजायच्या गेजचा एक सेट, नळीचं तोंड पसरवायचं फ्लेअरिंग टूल आणि दोघांत मिळून एक सायकल.

त्याआधी मी बर्फाच्या कारखान्यात होतो. तिथं अमोनिया. गळती शोधायला टॉर्च लागत नाही, नाकच पुरे. नेमकी जागा पाहिजे असली की गंधकाची कांडी पेटवून फिरवायची, जिथं पांढरा धूर होईल तिथं भोक. त्या कारखान्याला सगळे मागासलेला समजायचे. फ्रीज, एसी, म्हणजे फ्रिऑन गॅस, हा सुधारलेला धंदा. आज सरकारी ट्रेनिंगला बसलो तर पडद्यावर पहिल्या ओळीत अमोनिया, हवा तापवण्याचा आकडा शून्य. मी शेजारच्या पोराला म्हटलं, हे मी सतरा वर्षांचा असताना करत होतो, तेव्हा अंगाला वास येतो म्हणून कोण मुलगी देईना.

बारा नंबरचा काळ सुखाचा होता. बारा नंबर म्हणजे आर-12, तेव्हाचा फ्रीजचा गॅस. त्यात क्लोरीन, म्हणून ज्योत हिरवी. आणि त्याच क्लोरीनमुळे वर ओझोनला भोक. 1987 ला मॉन्ट्रियलला असले गॅस बंद करायचा करार झाला, भारत 1992 ला त्यात गेला, पण शहापुरात त्याची चाहूल लागली ती नवीन फ्रीजच्या पाठीवर आर-134ए लिहिलेलं दिसू लागल्यावर. 1 ऑगस्ट 2008 पासून देशात बारा नंबर तयार होणंच बंद झालं. वन थर्टी फोरमध्ये क्लोरीन नाही. टॉर्च फिरवला तरी ज्योत निळीच्या निळी. गळती शोधायला आम्ही परत साबणाच्या फेसावर आलो.

खरी अडचण तेलाची होती. वन थर्टी फोरला लागणारं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. तोवर बेळगावातला प्रत्येक मिस्त्री जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून नळ्यांतली हवा ओढायचा, म्हणजे व्हॅक्यूम काढायचा, आम्हीही. मी म्हटलं, दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप घेऊया. भागीदार म्हणाला, "पंप कशाला पाहिजे रे? कॉम्प्रेसर हाय की!" पंप त्या वेळी आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. मी बायकोच्या भिशीतून उचलून आणला. 2009 च्या उन्हाळ्यात आम्ही वेगळे झालो. सायकल तोवर गंजली होती, ती त्यानं नेली. टॉर्च माझ्याकडे राहिला. त्यानं समोरच्या रांगेत, रस्त्यापलीकडे, माझ्या दुकानातून दिसेल असा गाळा घेतला. आजही शटर वर करताना पहिलं तोंड त्याचंच दिसतं.

पुढची आठ-नऊ वर्षं बरी गेली. टिळकवाडीत घरोघरी एसी आले, उद्यमबागच्या कारखान्यांत केबिनी थंड झाल्या, खानापूर, संकेश्वर, बैलहोंगलकडे डेअऱ्यांची दूध थंड करायची टाकी आली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते 2018 च्या उन्हाळ्याचं. एप्रिलमध्ये ट्वेन्टी टूची, म्हणजे एसीत आणि दुधाच्या टाक्यांत भरायच्या आर-22 गॅसची टंचाई. एका व्यापाऱ्यानं नेहमीपेक्षा बऱ्याच कमी भावात बारा सिलिंडर दिले. खोका बरोबर, सील बरोबर, रंगही बरोबर. मी घेतले. सात मशिनी भरल्या, त्यातल्या तीन दुधाच्या टाक्या. महिन्या-दीड महिन्यात एकेक कॉम्प्रेसर बसत गेला. पहिला कापून बघितला तर तेल डांबरासारखं आणि वास असा की पोटातलं ढवळून आलं. असल्या नकली मालात मिथाइल क्लोराइडसुद्धा मिसळतात. ते अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि त्यातून जे तयार होतं ते हवा लागताच पेट घेऊ शकतं. आमचं फक्त नुकसान झालं, एवढंच नशीब.

तेव्हा जे करायला पाहिजे होतं ते आता सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. नवीन सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवायचा, सकाळी खोलीचं तापमान बघायचं आणि गेज लावायचा. खोली 30 अंशांवर असली तर खऱ्या ट्वेन्टी टूचा काटा 158 पीएसआयच्या आसपास उभा राहतो. माझ्या उरलेल्या पाच सिलिंडरांवर तो 120 च्या पुढे सरकला नाही. पाच मिनिटांचं काम. ते मी सात कॉम्प्रेसर गेल्यावर केलं.

पैसे भरून द्यायला ओम्नी विकली. व्यापाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. पावती नव्हती, स्वस्तात घेतलेल्या मालाची कोण मागतो? आणि समोरून आमच्या जुन्या भागीदारानं गावभर सुरू केलं, "त्याच्या हाताला गॅस लागत नाही." अशी वाक्यं डेअरीच्या दूधगाडीतूनच तालुकाभर फिरतात. त्या पावसाळ्यात सहा गिऱ्हाइकं गेली. पोरगा बारावीला होता, त्याची क्लासची फी दोन हप्त्यांत भरली.

बैलहोंगलकडच्या डेअरीचे अण्णा गेले नाहीत. खरं तर सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच. हजार लिटरची टाकी, सकाळचं दूध 35 अंशांवरून 4 वर यायला पाहिजे ते 11 वर अडकलेलं, सगळं नासलं. मी मान खाली घालून उभा. अण्णा टाकीचं झाकण लावत म्हणाले, "रोक्का होदर होतु, मशीन सुरू माडरी." पैसे गेले तर गेले, मशीन चालू करा. मी मराठीत माफी मागत होतो, ते कानडीत कॉम्प्रेसर कधी येईल ते विचारत होते. तीन वर्षं दर महिन्याला थोडं थोडं करून मी त्यांचे पैसे फेडले. शेवटचा हप्ता द्यायला गेलो तर वहीत हिशोबच लिहिला नव्हता.

त्यानंतर मी आकडे वाचायला लागलो. आधी फक्त दाब आणि अँपिअर वाचायचो. 2016 ला रवांडातल्या किगालीत ठरलं की ओझोनला न दुखवणारे पण हवा तापवणारे वन थर्टी फोरसारखे गॅसही कमी करायचे; भारतानं त्यावर 2021 ला मोहोर उठवली. आपल्याकडं 2028 ला वापर गोठवायचा, मग 2032 ला 10 टक्के कमी, 2037 ला 20, 2042 ला 30 आणि 2047 ला एकदम 85. कारण आकड्यांतच आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइड जेवढी उष्णता शंभर वर्षांत धरून ठेवतो, त्याच्या 1810 पट ट्वेन्टी टू, 1430 पट वन थर्टी फोर, 2088 पट एसीतला फोर टेन, म्हणजे आर-410ए. डीप फ्रीजरचा फोर-झिरो-फोर 3922 पट. एसीतलाच थर्टी टू, म्हणजे आर-32, 675. आणि आर-290, म्हणजे प्रोपेन, 3 च्या आसपास. मी कागदावर गुणाकार करून बघितला: एक किलो ट्वेन्टी टू हवेत सोडणं म्हणजे पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळणं. आणि आम्ही दोघांनी 1994 पासून किती फुस्स केला असेल, त्याचा गुणाकार केला नाही.

रिकव्हरी मशीन घेतलं ते त्यामुळे. जुन्या एसीतून गॅस ओढून सिलिंडरात घ्यायचा, सिलिंडर 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, वर खडूनं वजन लिहायचं. अर्धा तास जातो. बिलात त्याचे पैसे लावले की गिऱ्हाईक म्हणतं, "गॅस भरायचे पैसे समजतो ओ, काढायचे कसले?" सरकार मोजतं ते देशात किती तयार झाला अधिक आयात वजा निर्यात. कारखान्याचा दरवाजा आणि बंदर. जो माल आधीच लोकांच्या भिंतीवर टांगलेला आहे, तो लॉजच्या मागच्या बोळात कोण सोडतोय, हे त्या गणितात कुठंच येत नाही. शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा 2019 ला आला, एक लाख मिस्त्रींना शिकवून सर्टिफिकेट द्यायचं त्यात लिहिलं होतं. मी शिकलो, फ्रेम करून टॉर्चशेजारी लावलंय. ते बघून एकाही गिऱ्हाइकानं बोळातल्या मिस्त्रीपेक्षा शंभर रुपये जास्त दिलेले नाहीत.

प्रोपेनची भीती मला आहे आणि असलीच पाहिजे. आमच्या पोऱ्यानं नवीन फ्रीजची पाठ न वाचता पाइप सोडवायला वेल्डिंगचा टॉर्च लावला. आत आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन, उणापुरा पन्नास ग्रॅम. भक्कन ज्योत आली, त्याच्या भुवया गेल्या, पडदा वाचला. तेव्हापासून नियम: पाठीवरचं लेबल मोठ्यानं वाचायचं, खिडकी उघडायची, पाइप कटरनं कापायचा, आगीनं नाही. आणि हात जोडून सांगतो, ट्वेन्टी टूच्या जुन्या एसीत प्रोपेन भरून घेऊ नका, कितीही थंड होतो म्हणून कोणी सांगितलं तरी. त्या मशीनचे स्विच ठिणगी टाकणारे आहेत. प्रोपेन त्याच्यासाठी बनवलेल्या मशिनीतच बरा.

2024 च्या डिसेंबरअखेर ट्वेन्टी टूच्या नवीन मशिनी बनवणं बंद झालं. दुरुस्तीला गॅस मिळतो. पण समोरून बोर्ड लागला, वर कानडी, खाली मराठी: ट्वेन्टी टू बंद, आजच एसी बदला. माणसं घाबरून चांगले चालणारे एसी देऊन नवे घेऊ लागली. काय ओ मिस्त्री, गॅस बंद झालाय म्हणे, असं विचारत माझ्याकडं यायची ती समोर ॲडव्हान्स देऊन आल्यावर. त्या काढलेल्या एसीतला गॅस कुठं गेला ते मी डोळ्यांनी बघितलंय. भागीदाराचा पोऱ्या गाळ्यामागं सर्व्हिस व्हॉल्व्ह उघडून बिडी ओढत बसला होता, पाइपवर पांढरं बर्फ धरलेलं. मी रस्ता ओलांडून गेलो, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, माझं मशीन ने, गॅस मला दे, किलोमागं पैसे देतो. भागीदार आतून म्हणाला, "तुला आता भंगारात पण धंदा दिसतोय होय?"

गेल्या महिन्यात अण्णांनी आइस्क्रीमचा नवा कॅबिनेट घेतला, प्रोपेनचा. आत सव्वाशे ग्रॅम, पाच ग्रॅमची चूक झाली तरी मशीन रुसतं. त्यासाठी डिजिटल वजनकाटा घेतला, ग्रॅम दाखवणारा. चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडचा पोऱ्या दारात. "मालकांनी काटा मागितलाय. दोन दिवसांसाठी. प्रोपेनचं काम आलंय."

दिला. वहीत सही घेतली, तारीख घातली, बॅटरी नवीन आहे असंही लिहिलं. आज अकरावा दिवस आहे.