नळीवर खाचा पाडायला निघालो होतो, त्याची गोष्ट

उभ्यानं नेम धरला की पंधरा-सोळा गोळ्यांनंतर माझा डावा खांदा भरून यायचा. पॉइंट टू-टूची रायफल, ५० मीटर अंतर आणि माझं वय बेचाळीस. सरावातला जोडीदार म्हणाला, "बॅरल फ्लूट करून घे. वजन उतरेल, नळी थंड राहील, ग्रूपही आवळेल." ग्रूप म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा घोळका; जितका लहान तितका चांगला. एकावर दोन फुकट म्हटलं की चादर उलटी करून बघायची, ही आम्हा सोलापूरकरांची खोड.

फ्लुटिंग म्हणजे नळीच्या बाहेरच्या अंगावर लांबीच्या दिशेनं पाडलेल्या खाचा. आतल्या आट्यांशी, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांशी, त्यांचा थेट संबंध नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा कुठंतरी कामी यावा म्हणून कागद घेऊन बसलो. माझी नळी २२ मिलिमीटर जाडीची. ५ मिलिमीटर रुंद, अडीच खोल अशा सहा अर्धगोल खाचा ४५० मिलिमीटर लांब पाडल्या तर सुमारे २०० ग्रॅम पोलाद निघतं. तेवढ्या भागाचं वजन १७ टक्के घटतं, पण ताठपणा मात्र २५ टक्के! बाहेरच्या कडेचंच पोलाद वाकण्याला जास्त अडवतं आणि आपण नेमकं तेच खरवडतो. "फ्लूट केली की नळी ताठ होते" हे म्हणूनच अर्धवट आहे. त्याच वजनाच्या साध्या, बारीक नळीशी तुलना केली तर फ्लुटेड नळी सरस, तीही माझ्या हिशेबात चार-पाच टक्क्यांनी.

थंड राहण्याचं म्हणाल तर पृष्ठभाग पाव हिश्शानं वाढतो, त्यामुळं नळी लवकर निवते खरी. पण पोलाद कमी झाल्यानं तापतेही लवकर. मिनिटाला एखादी गोळी मारणाऱ्याला दोन्हीचं काय! मे महिन्यातलं आमचं ऊन नळीला जास्त तापवतं.

तरी २०० ग्रॅमचा मोह सुटेना. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे शाफ्ट करणारे एक ओळखीचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गेलो. रायफल नेली नव्हती, नुसतं ड्रॉइंग. कशाचं आहे कळताच त्यांनी ते दोन बोटांनी माझ्याकडं सरकवलं.

"सर, ह्याला लायसन लागतंय. आपल्याकडं नाही."

बरोबरच होतं. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बाळगायचा परवाना वेगळा आणि दुरुस्ती-बदल करायचा वेगळा. पण चहा सांगून त्यांनी भंगारातला एक शाफ्ट काढला, सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट पाट्यावर ठेवला आणि खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी सरकवली. मधोमध आरामात गेली. "ही कीवेची लांब खाच पाडायच्या आधी सरळ होता. ओढीव बार हाय ना, आतला ताण एका बाजूनं सुटला की असं वाकतंय."

मला जे हवं होतं ते तिथं मिळालं. बटण रायफलिंगमध्ये कठीण बटण नळीतून दाबून किंवा ओढून आटे उठवतात, त्यामुळं पोलादात ताण राहतो. नीट उष्णोपचार झाला नसेल तर नंतर खाचा पाडताना तो सुटतो. नळी वाकू शकते, किंवा आतलं छिद्र जागोजागी किंचित फाकतं आणि गोळीची पकड बदलते. कापून पाडलेल्या आट्यांत हा धोका कमी. माझी बटणवाली, तीही तयार होऊन आलेली.

पुढं एका रविवारी पुण्याला, बालेवाडीच्या रेंजवर गेलो. तिथल्या मित्राची नळी कारखान्यातूनच फ्लूट होऊन आलेली. टेकू देऊन दहा-दहा गोळ्या मारल्या. कॅलिपरनं त्याचा ग्रूप १३ मिलिमीटर, माझा १४. अर्थात दोन वेगळ्या नळ्यांची तुलना म्हणजे फ्लुटिंगची परीक्षा नव्हे. खरी परीक्षा एकाच नळीची, आधी आणि नंतर. आणि पाडलेली खाच परत भरता येत नाही. मग मित्रानं त्याच्याकडच्या दुसऱ्या लॉटच्या गोळ्या दिल्या. माझी तीच नळी, ग्रूप ११.

खांद्याचा प्रश्न घरीच सुटला. रायफल दोरीला टांगून तोल बघितला, तर तो फारच पुढं. नळीच्या टोकाला आधीच्या मालकानं लावलेलं वजन होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८० ग्रॅम भरलं! ते काढलं, थोडं वजन मागं खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात टाकलं. आता विसाव्या गोळीपर्यंत हात टिकतो. काटा मात्र बायकोनं फडताळात वर ठेवलाय, तेलाचा वास येतो म्हणून.