एका पातेल्यातलं लग्नघर

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला आमच्या घरात नणंदेच्या लग्नाची गडबड होती. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, नळ कधीचे कोरडे आणि घरात रोज पंधरा-वीस पाव्हणे. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच दिवशी आमचं लग्नाचं येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, दळून आलं. गिरणीतून आणलेल्या गरम पिठाचा तो धण्या-खोबऱ्याचा वास आला की मला अजून ती रेल्वेच आठवते.

स्वयंपाकाला पाणी पुरायचं हो. जीव जायचा तो भांड्यांनी. भाजी, वरण, भात, पोळी एवढंच केलं तरी मोरीत पातेल्या-कढयांचा ढीग लागायचा. जेवायला पत्रावळी आणल्या, पण कढया कुठं टाकणार? चौथ्या दिवशी एका घागरीवरून जाऊबाईंशी माझी बोलाचाली झाली आणि मी मोरीतच रडत बसले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथं मिळणारी सुकडी खायच्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "एका पातेल्यात होईल तेवढंच कर गं," म्हणाल्या. "लग्नघर हाय म्हणून काय चार-चार भाज्या लागत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नाष्ट्याला मुरमुऱ्यांची सुशीला. मुरमुरे चाळणीत घ्यायचे, वरून तांब्याभर पाणी. खाली निथळलेलं पाणी खरकटं विसळायला. मग कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. पंधरा मिनिटांत वीस माणसांचा नाष्टा आणि कढई एकच. दुपारी ज्वारीची भाकरी हातावर, तिच्यावरच ठेचा नाहीतर शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. ताटलीची गरजच नाही. कुणाला भात हवाच असला तर येसरची आमटी. येसर आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. लसणाची फोडणी, पाणी उकळलं की ते त्यात सोडायचं, झालं.

पण मला खरा आधार दिला तो रात्रीच्या वरणफळांनी. तुरीची डाळ घोटून पातळ करायची, त्यात काळा मसाला, चिंच, गूळ. कणकेची पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखी फळं कापायची आणि उकळत्या वरणात एकेक सोडायची. सगळी एकदम टाकली तर गोळा होतो. म्हणून ती दहा-पंधरा मिनिटं मला चुलीपासून हलताच यायचं नाही. बाहेरून कुणी हाक मारली की आत्याच सांगायच्या, "तिची फळं चाललीत." अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ माझा असायचा. तोंडावर वाफ, चिंचगुळाचा वास, आणि हातात एवढं सोपं काम की डोकं आपोआप निवायचं. दोन दिवसांनी जाऊबाई न बोलता पोळपाट घेऊन शेजारी बसल्या. त्या लाटायच्या, मी कापायचे. घागरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

हळदीच्या आदल्या रात्री नणंदही आली आणि फळं सोडायला लागली. पातेलं उतरल्यावर तिघींनी तिथंच, वर तुपाची धार सोडून, गरम गरम खाल्लं.

लग्न पार पडलं, ती पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन. मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"वहिनी, चिंच किती घालू?"

"लिंबाएवढी. आणि वरण पातळ ठेव, फळं पाणी ओढतात."