मेफिल्डची करडी माशी

डेट्रॉईटपासून चार तास गाडी हाकून मिशिगनमधल्याच मेफिल्डला पोचलो, आणि समोर काय, तर एक लहानसं तळं! बायको गाडीतून उतरलीच नाही.

पण माझ्या डबीतली सगळ्यात झिजलेली माशी, ‘अ‍ॅडम्स’, हे हिचं माहेर. पाण्यावर तरंगणारा, किड्यासारखा दिसावा म्हणून पिसं-दोऱ्यांनी सजवलेला गळ म्हणजे ही माशी, इंग्रजीत ड्राय फ्लाय. १९२२ साली इथल्या लिओनार्ड हॅलाडेंनी ही नवी माशी बांधली आणि या तळ्यावर मासे धरत बसलेले ओहायोचे वकील चार्ल्स अ‍ॅडम्स यांच्या हातात ठेवली. संध्याकाळी बोर्डमन नदीवर वापरून बघा, म्हणाले. सकाळी वकीलसाहेब खूश होऊन नाव विचारायला आले. पहिली चांगली शिकार तुमची, तेव्हा नावही तुमचंच, असं हॅलाडेंनी ठरवून टाकलं. बांधणारा मागे राहिला, गळ टाकणारा अमर झाला. मला हे आजही थोडं खटकतं.

सामान बघाल तर अगदी परसातलं. अंगाला मस्करॅटची करडी लव. हा पाण्यात राहणारा, घुशीहून मोठा प्राणी. त्याची आतली दाट लव हवा धरून ठेवते, सहजी भिजत नाही. मेण लावलेल्या दोऱ्यावर ती चिमटीने वळायची, वाती वळतो तशी. पंख म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांची टोकं. मग तसंच एक पिस आणि एक तपकिरी पिस एकत्र गुंडाळायचं. त्यांचे ताठ केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि माशी पाण्यावर तोलून धरतात. सॅमन मासा धरायच्या जुन्या विलायती माश्यांना आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची पिसं लागायची. इथे खुराड्यातल्या कोंबड्यावर भागलं.

गंमत म्हणजे ही हुबेहूब कुठल्याच एका किड्यासारखी नाही. दोन रंगांच्या मिसळीमुळे फडफडल्याचा भास होतो, आणि ट्राउट मासा तिला मेफ्लाय नावाचा पाण्यावरचा किडा समजतो, कधी आणखी काही.

संध्याकाळी बोर्डमनमध्ये गुडघाभर पाण्यात उतरलो. गार पाणी, वर झाडांची सावली. तीन-चार फेकी बऱ्या पडल्या, मग करड्या पाण्यावर करडी माशी मला दिसेचना. पांढऱ्या शेंडीची ‘पॅराशूट अ‍ॅडम्स’ वापरणाऱ्यांना मी आजवर नावं ठेवत आलोय. काठाकडे पाहिलं, बायको फोनमध्ये गुंग होती. गुपचूप डबी उघडली आणि शेंडीवाली बांधली.