वरची कातडी माझी, आतला थर दात्याचा

उसाचा पाला काढताना पातं उजव्या डोळ्याला लागलं, त्यातून बुरशीचा संसर्ग झाला. औषधांनी तो आटोक्यात आला, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं. वाळव्याकडं ऊस म्हटल्यावर असं होतंच कुणा ना कुणाला. पुढं मिरजेत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बदलून नेत्रदात्याचा बसवला. ऑपरेशनचं विशेष काही सांगण्यासारखं नाही, भूल दिलेली होती. कसोटी नंतर लागली.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण त्याचे थर एका वेगानं बरे होत नाहीत. आधी वरची कातडी भरली. बुबुळाच्या कडेला मूळ पेशी असतात, तिथून नव्या पेशी मधल्या भागाकडं सरकत येतात. तोवर खुपणं, पाणी येणं चालूच होतं. दात्याच्या वरच्या पेशींची जागा हळूहळू आपल्याच पेशी घेतात, असं डॉक्टर म्हणाले. मी हिला म्हटलं, "चला, वरून तरी डोळा आपला झाला!"

मधल्या थराला घाई नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ आणि म्हणूनच भरायला वर्षभर घेणारा. टाके केसाहून बारीक नायलॉनचे. ते बुबुळाला ताण देतात, त्यामुळं रात्री विश्रामबागेतले दिवे लांबट दिसतात.

आतल्या थराची मात्र मला धास्ती आहे. त्याच्या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर टाकतात, आणि त्या नव्यानं तयार होत नाहीत. निरोगी मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण 2,500 असतात. 500च्या आसपास उतरल्या की कॉर्निया सुजून धूसर होतो. दात्याकडून आल्या तेवढ्यांवरच निभवायचं. शरीरानं त्यांना परकं धरलं तर संपलंच, म्हणून स्टिरॉइडचे थेंब. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, अंधुक दिसलं किंवा दुखलं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मावशी मध घाल म्हणाली. तिला चहा पाजून वाटेला लावलं.

काही टाके निघालेत. उरलेले निघाले की चष्म्याचा नंबर काढतील. त्यानं नीट दिसलं नाही तर कडक लेन्स. मला चष्मा पुरला तर बरं, लेन्स रोज कोण घालत बसणार.